आकडा ब्याण्णव, रंग हिरवा

मंगळवार, १७ एप्रिल २०४०. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सांगलीजवळच्या एका हळद कारखान्यात शालन ऐवळे या चौतीस वर्षांच्या कामगार बाईच्या उजव्या हाताची तीन बोटे यंत्रात गेली.

यंत्र साधे होते. लांब पन्हळीत एक लोखंडी मळसूत्र फिरते आणि भरडलेली हळद चक्कीकडे ढकलत नेते. कारखान्यात सगळे त्याला ‘स्क्रू’ म्हणतात. तीन नंबरच्या स्क्रूचे तोंड तुंबले होते. आधी यंत्र बंद करायचे, मग जाळी काढायची, मग हात घालायचा, हे शालनला अकरा वर्षे पाठ होते. तिने बटण दाबलेही. ते दोन नंबरचे होते. दोन नंबर थांबला, आवाज कमी झाला. तिने तीन नंबरची जाळी काढली आणि हात घातला.

रुग्णवाहिका निघून गेल्यावर, अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, कारखान्याची सुरक्षा अधिकारी वैजयंती तेरदाळे हिने संगणकावर शालनच्या मनगटावरच्या टिकलीची शेवटची नोंद उघडली. ती अपघाताच्या चार मिनिटे आधीची होती. आकडा ब्याण्णव, रंग हिरवा. म्हणजे नियमाच्या भाषेत शालन त्या वेळी रात्रभर शांत झोपून उठलेल्या माणसाइतकी ताजी होती.

सलग बारा तासांच्या पाळीचा तो तिचा एकोणिसावा दिवस होता.

*

टिकलीचे कागदोपत्री नाव थकवामापक. जुन्या रुपयाएवढी चकती, मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. दर चार मिनिटांनी ती कातडीवर निळ्या प्रकाशाची एक बारीक लकेर सोडते आणि उलट काय येते ते मोजते.

त्यामागचे शास्त्र असे. पेशी ऊर्जा तयार करतात तेव्हा ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेले एक द्रव्य कामाला लागते. निळा प्रकाश पडला की हे द्रव्य अगदी मंद हिरवे चमकते. विश्रांती झालेल्या शरीरात ही चमक जास्त असते, दमलेल्या शरीरात कमी. प्रयोगशाळेत ही चमक फार वर्षे ठाऊक होती. चालत्याबोलत्या माणसाच्या कातडीतून ती अचूक मोजणे जमले ते २०३५ च्या सुमाराला. चाळीस हजार माणसांवर चाचण्या झाल्या. त्यांत ट्रकचालक होते, परिचारिका होत्या, भट्टीवरचे कामगार होते, फोनवर बोलून पोट भरणारी माणसे होती. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा टिकलीने सांगितलेला थकवा खरा निघाला.

त्यानंतर नियम बदलले. युक्तिवाद बिनतोड होता. आठ तासांची मर्यादा घातली तेव्हा थकवा मोजता येत नव्हता, म्हणून तास मोजले. आता थकवाच मोजता येतो, मग तास कशाला मोजायचे? साठच्या वर आकडा म्हणजे हिरवा, बारा तासांपर्यंत काम करता येईल. चाळीस ते साठ पिवळा, अर्धा तास बसायचे. चाळीसच्या खाली लाल, घरी जायचे. पहिल्याच वर्षी रस्त्यांवरचे आणि भट्ट्यांवरचे अपघात तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, हेही नोंदवले पाहिजे. टिकलीने माणसे वाचवली होती.

मालक आणि कामगार यांच्यासाठी शेहेचाळीस पानांची मार्गदर्शिका निघाली. सातव्या पानावर लिहिले होते : ‘थकवा हा मताचा विषय नाही. आकडा हिरवा असताना केवळ दिसण्यावरून कोणालाही कामावरून उठवू नये.’ यामागचा हेतू चांगला होता. गरोदर बाईला, वय झालेल्याला, नावडतीला ‘दमलेली दिसतेस’ म्हणून घरी पाठवणारे मुकादम पूर्वी कमी नव्हते. एकतिसाव्या पानावर लिहिले होते : ‘आकडा हिरवा असताना चुकीच्या हाताळणीमुळे झालेला अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाचा मानावा.’ निष्काळजीपणा ठरला की यंत्रकार्ड कायमचे रद्द. त्या कार्डाशिवाय राज्यात कुठल्याही यंत्रावर उभे राहता येत नाही, अगदी पापडाच्याही.

टिकली प्रत्येकीची विश्रांती झालेली असतानाची नोंद आधी घेऊन ठेवते आणि पुढचे आकडे तिच्याशी ताडून पाहते. या कारखान्यातल्या त्रेसष्ट बायकांची ती नोंद डिसेंबरात झाली. तेव्हा कारखाना साफसफाईसाठी बंद होता आणि सगळ्यांचे हात स्वच्छ होते. फेब्रुवारीत नवी हळद आली.

*

वैजयंतीला पहिल्यांदा कळले ते अपघाताच्या बरोबर तीन आठवडे आधी, २७ मार्चला, फोनवर. बिल्कीस मुजावर ही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण मिरजेकडच्या एका सूतगिरणीत हेच काम करते.

“वैजू, एक गंमत ऐक. आमच्याकडं एका पोरीचं लग्न झालं परवा. हळद, लग्न, वरात, पूजा. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. काल पाळीला आली ती उभ्या उभ्या पेंगत होती. आकडा किती आला असेल?”

“पन्नास?”

“अठ्ठ्याण्णव! अख्ख्या गिरणीत पहिली. बाया म्हणाल्या, नवरा मानवला हिला.”

वैजयंती हसली नाही. “हाताला हळद होती तिच्या?”

“असणारच की. कोपरापर्यंत.” मग तिच्या लक्षात आले. “अगं बाई. वैजू, तुझ्याकडं तर...”

“ठेवते मी,” वैजयंती म्हणाली.

तिचे वडील त्या आठवड्यात दवाखान्यात होते आणि आदल्या दोन रात्रींत मिळून तिची चार तास झोप झाली होती. त्यामुळे प्रयोगाला दुसरे कोणी शोधावे लागले नाही. डाव्या मनगटावर टिकली लावली : चोपन्न, पिवळा. चकती काढून तिथेच चिमूटभर हळद चोळली, साबणाने धुतली, चकती पुन्हा लावली : एकोणनव्वद, हिरवा.

हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यात आहे ते कुरकुमिन निळ्या प्रकाशात चमकते आणि ती चमक हिरवी असते, पेशींतल्या द्रव्याच्या चमकेला जवळजवळ जुळणारी. रसायनशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही हे सांगता येईल. पण चाचणीच्या चाळीस हजारांत हळदीचे काम करणारा एकही माणूस नव्हता आणि यंत्र बनवणाऱ्यांपैकी कोणी ते लावायच्या आदल्या दिवशी हळदीच्या कार्यक्रमाला गेला नव्हता. टिकली खोटे बोलत नव्हती. किती हिरवे दिसते एवढेच तिला विचारलेले होते आणि ती तेवढेच सांगत होती.

तिने टिकली बनवणाऱ्या कंपनीला लिहिले. दोन दिवसांनी उत्तर आले : चकती लावण्यापूर्वी जागा साबणाने स्वच्छ करावी. वैजयंतीने उत्तर दोनदा वाचले आणि संगणक बंद केला.

मग ती मालकांच्या खोलीत गेली. शीतल मगदूम त्रेपन्न वर्षांचे. माणूस वाईट नव्हे. एका पुरात कारखाना दोन महिने बंद होता, तेव्हा स्वतः होडीत बसून त्यांनी बायकांच्या घरी धान्य पोचवले होते.

“म्हणजे सगळ्यांचे आकडे खोटे?” त्यांनी विचारले.

“खोटे नाहीत, शीतलशेठ. निरुपयोगी आहेत.”

“कळवलं तर काय होईल?”

“टिकली इथं चालत नाही म्हणतील. परत आठ तास.”

“फक्त आपल्याला. जो कळवेल त्याला. बाकीचे कारखाने बाराच चालवतील.” शीतलशेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “यार्डात माल पडलाय, मॅडम. शुक्रवारपासून सगळ्यांना रोजच बारा तास लावायचं ठरलंय. एवढा सीझन जाऊ द्या. जूनमध्ये आपण दोघं जाऊन सांगू. मी स्वतः येतो.”

“बरं,” वैजयंती म्हणाली.

हा शब्द तिने पुढे आपल्या जबाबात जसाच्या तसा लिहिला आहे.

*

अपघाताच्या दिवशी सकाळी दहाला दहा मिनिटे कमी असताना बायाक्का वैजयंतीच्या टेबलापाशी आली. बायाक्का नरुटे, कारखान्याची मुकादम. वय साठ, दोन्ही हात कायमचे पिवळे.

“मॅडम, शालनला जरा बसवा.”

“का? काय झालं?”

“डोळं बघा तिचं. बघती समद्याकडं, पर दिसत काय न्हाई, अशी गत झालीया.”

वैजयंतीने पडदा तिच्याकडे फिरवला. “नव्वदच्या वर आहे, आक्का.”

“ते ऱ्हाऊ द्या तिकडं. मी सव्वीस वर्सं माणसं बघत्येय.”

“हिरवी असताना उठवता येत नाही. माहितीये तुम्हाला. तक्रार झाली तर तुमच्यावरच येईल.”

“शालन करणाराय तक्रार? ती माझ्या हाताखाली वाढली.”

“दुसरी कोणी करेल.”

बायाक्काने पडद्याकडे पाहिले, मग वैजयंतीकडे. “बसा मग तुम्ही आकडा धरून,” ती म्हणाली आणि निघून गेली.

तो आकडा काही सांगत नाही हे त्या खोलीत एकट्या वैजयंतीला नक्की माहीत होते. तरी तिने तोच सांगितला. तीन आठवडे ती तेच सांगत होती आणि आता तोंडात आधी तेच येत होते.

*

गुरुवारी दुपारी भेटीच्या वेळेत ती दवाखान्यात गेली. शालन खाटेवर बसून डाव्या हाताने मोसंबी सोलायचा प्रयत्न करत होती.

“या मॅडम. हे फळ काढलं कोणी, दोन हातवाल्यांनी दोन हातवाल्यांसाठी.” तिने मोसंबी पुढे केली. “सोला आता तुम्हीच.”

वैजयंतीने सोलून दिली. काय बोलायचे ते तिने रिक्षात तीन वेळा ठरवले होते. “शालन, चूक तुझी नाही. ती टिकली आपल्या कारखान्यात चालतच नाही. हळदीमुळं आकडा वाढतो. मी लिहून देणार आहे.”

शालनने फोड तोंडात टाकली नाही. तिने आधी दाराकडे पाहिले.

“हळद लिहू नका, मॅडम.”

“अगं, नाही लिहिलं तर निष्काळजीपणा ठरेल. कार्ड जाईल तुझं.”

“आम्हाला माहितीये.”

“काय माहितीये?”

“हळदीचं.” तिचा आवाज अगदी खाली आला. “फेब्रुवारीपासनं. आकडा उतरायला लागला की चकती उचलायची, हळदीचं बोट फिरवायचं, परत दाबायची. समद्या करत्यात. शोधून मीच काढलं.” यावर ती थोडीशी हसलीही. “पिवळा आला की अर्धा तास बसवता, मग पाळी आठची होती. हिरवी असली की बारा मिळत्यात. सीझन चार महिन्यांचा, मॅडम. बाकीचं वरीस काय खायाचं?”

वैजयंतीला मार्गदर्शिकेचे अडतिसावे पान आठवले. टिकलीत फेरफार करणाऱ्याचे कार्ड रद्द आणि त्याच्यावर खटला. सगळ्यांनी मिळून केला असेल तर सगळ्यांवर.

“बायाक्काला माहीत आहे?”

“न्हाई. तिला सांगितलं असतं तर तिनं टिकलीसकट हात धुतला असता आमचा.” शालनने फोड ताटलीत परत ठेवली. “बटण माझ्याच हातानं चुकलं. तेवढंच लिहा. एकीचं जाईल, बासष्टजणींचं राहील. तसंबी तीन बोटं गेल्यावर कार्ड घेऊन काय करू, हवा घेऊ?”

परिचारिका येऊन रक्तदाब मोजून गेली. वैजयंती उठली तेव्हा शालनने विचारले, “मॅडम, एका हाताचं असं काम असतंय का ओ कुठल्या यंत्रावर?”

“असतं.”

“कार्ड लागत असेल.”

“लागतं,” वैजयंती म्हणाली.

*

सोमवारी, २३ एप्रिलला, तिने कारखाना निरीक्षकांकडे जबाब दिला. दोन पाने, स्वतः लिहिलेली. हळदीच्या कामात टिकली आंधळी ठरते. हे मला २७ मार्चपासून माहीत होते. मी मालकांना सांगितले, सरकारला कळवले नाही. अपघाताच्या दिवशी मुकादमांनी शालन दमली आहे असे स्पष्ट सांगितले होते. मी आकडा दाखवून त्यांना परत पाठवले. हळद कामामुळे कातडीवर असतेच, असेही तिने लिहिले. बोट फिरवण्याबद्दल लिहिले नाही. लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता.

शीतलशेठनी तिला बोलावले नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाले, “एकदा विचारायचं होतं मला.”

“तुम्ही जून म्हणाला असता.”

“हो,” ते म्हणाले, “म्हणालो असतो,” आणि खाली उतरून गेले. दोन दिवसांनी पुढच्या हंगामासाठी नव्या सुरक्षा अधिकाऱ्याची जाहिरात निघाली.

बायका तिच्यापासून अंतर ठेवू लागल्या. तिला काय काय माहीत आहे याचा त्यांना अंदाज होता. ती फेरीवर आली की मनगटे पदराखाली जात. बायाक्का आठ वर्षे दुपारी तिच्या टेबलावर डबा उघडत असे. भाकरी, लसणाची चटणी, कधी आंबाडी. ती आता खाली मशीनपाशी बसून जेवू लागली. वैजयंती एकदा खाली गेली.

“आक्का, तुमचं ऐकायला हवं होतं.”

“जेवताना बोलू नये,” बायाक्का म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि वर पाहिले नाही.

पाळ्या बाराच्याच होत्या. नियम बदलेपर्यंत टिकली कायदेशीर होती.

*

७ मे रोजी निरीक्षकांचे पत्र आले. प्रयोगशाळेत टिकलीची तपासणी झाली होती. निष्कर्ष वैजयंतीच्या बाजूने होता, पण पुरता नाही. कामामुळे कातडीत मुरलेल्या हळदीने आकडा पंधरा ते वीसने वाढतो, असे आढळले. एकोणीस दिवस बारा तास राबलेल्या बाईचा आकडा त्यामुळे साठ-पासष्ट येऊ शकतो. हिरवा, पण जेमतेम. ब्याण्णव येत नाही. त्यासाठी टिकलीखाली ताजी हळद लागते.

पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता. ‘कामगारांनी थकवामापकाखाली हेतुपुरस्सर हळद लावली होती, असे आपल्या माहितीत आहे काय? होय किंवा नाही, शपथेवर. मुदत १४ मे.’

तिने बिल्कीसला फोन केला.

“नाही लिही,” बिल्कीस म्हणाली.

“खोटं होईल.”

“मग होय लिही.”

“त्रेसष्ट कार्डं जातील.”

“वैजू, मला काय विचारतेस? त्या गमतीनंतर मीपण कुणाला कळवलेलं नाही. आमच्याकडं रोज कुणाचं तरी लग्न असतं.” मग ती म्हणाली, “तू मागं ‘बरं’ म्हणालीस ना, त्याच दिवशी हे सोपं होतं.”

सहा दिवस पत्र तिच्या पिशवीत होते. वडिलांनी दोनदा विचारले, कसला कागद आहे. तिने कारखान्याचा म्हणून सांगितले. तेही खरे होते.

*

सोमवार, १४ मे. दुपारी चार वाजता वैजयंती निरीक्षकांच्या कचेरीत पोचली. पत्राखालची उत्तराची जागा कोरी होती. दाराबाहेरच्या बाकावर बायाक्का बसली होती आणि तिच्या शेजारी शालन, उजवा हात पट्टीत.

“तुम्हाला बोलावलंय?” वैजयंतीने विचारले.

“न्हाई,” शालन म्हणाली. “आपली आले. हिला सांगितलं सगळं काल.”

“मग?”

“मग काय. पायातलं काढून मारायचं बाकी ठेवलं.”

“अजून वेळ गेलेली न्हाई,” बायाक्का म्हणाली. ती सरकली. बाकावर जागा झाली, वैजयंती बसली.

“तुम्ही काय लिहिलंय?” शालनने विचारले.

“काहीच नाही. तू काय सांगणार आहेस?”

शालनने खाली हाताकडे पाहिले. पट्टीचे टोक सुटले होते, ते ती डाव्या हाताने खोचत राहिली. ते नीट बसेना. बायाक्काने तिचा हात बाजूला करून ते खोचले.

शिपाई बाहेर आला. “हळद कारखान्याचं कोण? एकेकानं यायचं. आधी कोण?”

पत्र वैजयंतीच्या नावे होते. ती उठण्याआधी शालन उठली.

“थांब, शालन. मला जाऊ दे,” वैजयंती म्हणाली.

“तुम्ही बसा मॅडम,” शालन म्हणाली. “मी दमले न्हाई.”

ती आत गेली आणि शिपायाने दार लावून घेतले. तेव्हा चार वाजून बारा मिनिटे झाली होती. त्या दिवशी कारखान्यात एकसष्ट बायका पाळीवर होत्या आणि वैजयंतीच्या हातातल्या फोनवर एकसष्टही आकडे हिरवे होते. कचेरीची वेळ सव्वापाचपर्यंत असते. पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत दार उघडले नव्हते आणि वैजयंतीच्या पत्रावरची उत्तराची जागा अजून कोरीच होती.